लेझरनंतर उन्हाचे डाग आणखी काळे का पडतात, आणि ते कसं टाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ५६ वर्षांच्या, रंग गव्हाळ ते सावळा, निफाडजवळ घरची द्राक्षबाग. गालांच्या वरच्या भागावर आणि हातांच्या पाठीवर तपकिरी डाग आहेत. नाशिकमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी लेझर सुचवलं आहे. मावशींनी पूर्वी तेच केलं होतं. खपली पडल्यावर कातडी अगदी स्वच्छ दिसली आणि महिनाभरात त्याच जागी पहिल्यापेक्षा गडद डाग उमटले. आईंच्या बाबतीत हे टाळता येईल का, आणि लेझर करायचं तर कधी?

बऱ्याच अंशी टाळता येतं. पूर्ण हमी मात्र कोणी देत असेल तर तिथे लेझर करू नका. आशियाई त्वचेवर क्यू-स्विच्ड (अतिशय छोट्या, जोरदार झटक्यांत प्रकाश सोडणारा) लेझर वापरून झालेले निरनिराळे अभ्यास पाहिले तर दर दहा जणांत एकापासून तिघा-चौघांपर्यंत लोकांना हा काळेपणा येतो. इतका मोठा फरक पडण्याचं कारण यंत्रापेक्षा डागाची निवड, लेझरची ताकद आणि नंतरचे दोन महिने यांतच जास्त असतं.

मावशींच्या गालावर जे झालं त्याला लेझर फुकट गेलं असं म्हणता येणार नाही. मूळ डाग बहुधा गेला होता. त्या जागी आलेला काळेपणा नवा होता, दाहानंतर त्वचेनं स्वतः तयार केलेला. उन्हाच्या डागात मेलॅनिन हे रंगद्रव्य त्वचेच्या अगदी वरच्या थरात साठलेलं असतं. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश ते शोषून घेतं, काही नॅनोसेकंदांत रंगाचे कण फुटतात, त्या पेशी मरतात आणि खपलीबरोबर बाहेर पडतात. इथवर सगळं ठीक. पण आपल्या त्वचेत डागाच्या आजूबाजूलाही मेलॅनिन भरपूर असतं, तेही तोच प्रकाश शोषतं. रक्तातलं हिमोग्लोबिनही हा हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे खालच्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. या सगळ्याची मिळून सूज येते, सुजेतून सुटणारी रसायनं रंग बनवणाऱ्या पेशींना चेतवतात, आणि त्या दुप्पट जोमानं कामाला लागतात. ताकद फारच जास्त झाली तर वरच्या थराचा तळ फाटतो आणि रंग खाली गळतो. तो मग राखाडी-निळसर दिसतो आणि जायला वर्ष लागू शकतं. वरच्या थरातला तपकिरी काळेपणा साधारण तीन ते सहा महिन्यांत ओसरतो.

म्हणजे नियंत्रण ठेवायचं ते दाहावर. ऊन महत्त्वाचं आहेच, पण ते दाहाच्या आगीत तेल ओततं. आग आधी लागलेली असते.

आधी डाग कोणता आहे ते ठरू द्या

इथे घाई झाली की पुढची सगळी काळजी वाया जाते. लेझरनं चांगला जाणारा उन्हाचा डाग सपाट असतो, कडा ठळक असते, आकार काही मिलिमीटरपासून एक-दीड सेंटिमीटरपर्यंत. तो एकेकटा असतो, जसा हातांवर तसाच चेहऱ्यावर.

वांग वेगळं. ते दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा वरच्या ओठावर जवळजवळ सारखं पसरतं, कडा धूसर असते, उन्हाळ्यात गडद आणि थंडीत फिकं होतं. वांगावर ५३२ चा लेझर मारणं म्हणजे काळेपणा ओढवून घेणं. पन्नाशीच्या बायकांमध्ये पुष्कळदा दोन्ही एकत्र सापडतं, खाली वांगाची फिकट सावली आणि वर दोन-चार ठळक डाग. अशा वेळी आधी आठ ते बारा आठवडे वांगावर सनस्क्रीन आणि मलम, मग फक्त ठळक डागांवर लेझर. वांगावर वारंवार ‘टोनिंग’ (कमी ताकदीचा लेझर पुन्हा पुन्हा) करून घेतलं तर उलटं संकटही येतं: तांदळाएवढे पांढरे ठिपके पडतात, आणि ते काळेपणापेक्षा कितीतरी चिवट असतात.

गालफडांच्या हाडावर करडे-निळसर ठिपके असतील तर रंग खोलवर आहे, त्याला वेगळी तरंगलांबी लागते. आणि कानशिलांवर, कपाळाच्या कडेला, कानांसमोर तपकिरी-राखाडी पट्टे असतील तर आधी केसांच्या रंगाची चौकशी करा. डाय आणि ‘काळी मेंदी’ यांत असणाऱ्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी खाज न येताही त्वचा काळवंडवते. त्यावर लेझरचा उपयोग नाही, डाय बंद करणं हाच उपाय.

एकाच डागात दोन-तीन छटा, वेडीवाकडी कडा, अलीकडे झालेली वाढ किंवा न भरणारी जखम असेल तर आधी डर्मोस्कोपनं (डाग मोठा करून दाखवणाऱ्या भिंगानं) तपासणी, गरज पडली तर तुकडा काढून तपासणं. आपल्या त्वचेत तसला कॅन्सर क्वचित असतो, पण लेझरनं वरचा रंग उडाला की निदान लांबतं.

साधा उन्हाचा डाग निरुपद्रवी असतो, हेही आईंना स्पष्ट सांगा. नुसतं सनस्क्रीन आणि रात्रीचं रेटिनॉइड मलम यांनीही तो सहा-आठ महिन्यांत काहीसा फिकट होतो. ज्यांना ऊन टाळणं शक्यच नाही त्यांच्यासाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. अतिथंड द्रव नायट्रोजननं डाग गोठवण्याचा उपाय आपल्या रंगाच्या त्वचेवर पांढरे चट्टे सोडतो, त्याच्या नादी लागू नका.

कधी करायचं

नाशिक २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात. मार्च ते जूनमधलं ऊन लेझर केलेल्या त्वचेसाठी सर्वांत वाईट. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४६-४७ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून शहरातल्या, कचेरीत बसणाऱ्या माणसाला नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. पण द्राक्षबागेच्या घरात तेच महिने कामाचे असतात. ऑक्टोबरची छाटणी, त्यानंतर घडांची विरळणी, डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), आणि जानेवारीच्या शेवटापासून तोडणी. एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी.

म्हणून आईंसाठी जुलैचा मध्य योग्य. तिथून दहा आठवडे मोजले की सप्टेंबरअखेर येते, म्हणजे ऑक्टोबर हीट आणि छाटणी सुरू होण्याआधी धोक्याचा काळ मागे पडतो. ढग असले म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा हिस्सा खाली येतो, आणि जुलैत ढगांच्या मागे सूर्य डोक्यावरच असतो.

घरात लग्न असेल तर त्याआधी किमान चार महिने नवा लेझर नको. हळदीला चेहरा चोळला जातो, फोटोसाठी जाड मेकअप होतो, आणि नेमका दुसऱ्या महिन्यात काळेपणा शिगेला असतो. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचा नेम असेल तर तेच. कार्यक्रम आधी उरकू द्या, लेझर नंतर.

चार आठवडे आधी

पहिलं काम, त्वचा रापलेली नको. तपासायला सोपी खूण आहे. बांगड्या वर सरकवा आणि त्याखालचा पट्टा मनगटाच्या उघड्या भागाशी ताडून पाहा. फरक ठळक असेल तर त्वचेत ताजा रंग आहे आणि लेझर त्यालाही लागणार. गालांचा रंग दंडाच्या आतल्या बाजूशी ताडून पाहा. चार ते सहा आठवडे नीट झाकून, सनस्क्रीन लावून हा फरक कमी झाला की मगच तारीख घ्या.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०, शक्यतो ५०, पीए (यूव्हीए किरणांपासूनच्या संरक्षणाचं माप) तीन किंवा चार प्लसवालं घ्या. आपल्या त्वचेला दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा, बराच काळ टिकणारा काळेपणा देतो, आणि साधं पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन घ्यावं. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर ओढलेल्या दोन रेघा. नुसत्या चेहऱ्यालाच वजनात एक ग्रॅमच्या वर लागतं. दिवसातून तीनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब पंधरा-सोळा दिवसांत संपायला हवी. दोन महिने पुरत असेल तर एसपीएफचा आकडा कितीही असो, त्याच्या पाव भागाइतकंही संरक्षण मिळत नसेल.

लेझरच्या पाच ते सात दिवस आधी रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ग्लायकोलिक वगैरे सोलणारी मलमं बंद. दोन आठवडे आधीपासून ब्लीच, वॅक्सिंग, फेशियल नको.

हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारं मलम आधीपासून लावून काळेपणा टळतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. १९९९ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेझरवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आधी मलमं लावलेल्या आणि न लावलेल्या रुग्णांत काळेपणाच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. कारण समजण्यासारखं आहे: मलम वरच्या पेशींवर काम करतं, त्या जखमेबरोबर निघून जातात आणि नव्या पेशी केसांच्या मुळांतून येतात. तो लेझर वेगळा, पण त्यातून निघणारा अर्थ इथेही विचारात घ्यावा. वांग सोबत असेल तर आधी मलम द्यायला अर्थ आहे. नुसत्या उन्हाच्या डागांसाठी मी सनस्क्रीनवर जास्त विसंबेन.

डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर पट्टीच्या मागे हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय का पाहा. ते आणि डॉक्सिसायक्लिन त्वचा उन्हाला हळवी करतात. गोळी मनानं बंद करू नका, फक्त कळवा. संधिवातासाठी पूर्वी सोन्याचे क्षार असलेली औषधं घेतली असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण अशा त्वचेवर क्यू-स्विच्ड लेझर पडताक्षणी कायमचा निळसर डाग उमटतो. सुवर्णभस्म घेत असतील तर तेही सांगा. नागीण, ओठावर वरचेवर फोड, जखमेच्या जागी गाठ होण्याची सवय, हेही.

आणि एक गोष्ट बहुतेक घरांत लपवली जाते: ‘गोरेपणाची’ ट्यूब. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटॅसोन हे स्टिरॉइड असलेली तिहेरी ट्यूब किंवा नुसतं स्टिरॉइड मलम महिनोन् महिने लावलेल्या चेहऱ्याची कातडी पातळ आणि लालसर झालेली असते, ती लेझर सहन करत नाही. २०१८ पासून अशी बरीच स्टिरॉइड मलमं कायद्यानं चिठ्ठीवरच मिळायला हवीत. मेडिकलमधून ती तशीच आणली जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लावलं असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून, त्वचा सावरल्यावरच, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, लेझर.

लेझरच्या दिवशी

आधी एकच डाग करून घ्या. कानाजवळचा किंवा जबड्याच्या कडेचा, जिथे नजर कमी जाते. मग किमान सहा, शक्यतो आठ आठवडे थांबा. दोन आठवड्यांनी ‘छान झालं’ म्हणून बाकीचे उरकणं ही सर्वांत सामान्य चूक आहे, कारण काळेपणा उगवतोच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. जुलैत चेहरा करायचा असेल तर चाचणीचा डाग एप्रिलच्या शेवटी, तो भाग पूर्ण झाकून.

यंत्राचं नाव, तरंगलांबी, स्पॉटचा (त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा) आकार आणि ऊर्जा कागदावर लिहून मागा. चांगले डॉक्टर आनंदानं देतात. ५३२ नॅनोमीटरच्या क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरला आपल्या रंगाच्या त्वचेवर ३ मिलिमीटर स्पॉटसाठी साधारण ०.७ ते १ जूल प्रति चौरस सेंटिमीटर इथून सुरुवात करणं शहाणपणाचं. यंत्रागणिक हे बदलतं, म्हणून आकड्यापेक्षा त्वचा काय दाखवते ते खरं. डाग लगेच हलका पांढरा पडायला हवा आणि तो पांढरेपणा वीसेक मिनिटांत जायला हवा. चुन्यासारखा पांढराफटक पडला, कातडीचे कण उडाले किंवा रक्ताचे बारीक ठिपके दिसले तर ताकद जास्त झाली. एका जागी एकच शॉट, एकावर एक नाही, आणि स्पॉट डागाच्या बाहेर जाता कामा नये. छोट्या डागावर मोठा स्पॉट मारला की भोवती काळं कडं उमटतं.

काही डॉक्टर सपाट काच डागावर दाबून त्यातून लेझर मारतात. दाबामुळे त्या जागचं रक्त बाजूला सरतं, हिमोग्लोबिनला ऊर्जा मिळत नाही, सूज कमी येते. लांब पल्सच्या, म्हणजे प्रकाशाचा झटका जास्त वेळ टिकणाऱ्या, यंत्रांवर ही युक्ती विशेष उपयोगी. थंड हवा किंवा गार पॅक आधी आणि नंतर हवाच; मात्र कातडी गोठेपर्यंत थंड करणं हीसुद्धा इजाच. पिकोसेकंद यंत्रात (याचे झटके नॅनोसेकंदाहूनही छोटे) उष्णता कमी पसरते, धोका थोडा कमी होतो, पण पाटीवर ‘पिको’ लिहिलं म्हणून बाकीची काळजी सुटत नाही. पार्लरमधल्या ‘फोटोफेशियल’पासून दूर राहा. ते लेझर नव्हे, आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या तीव्र प्रकाशाचे झोत. रापलेल्या सावळ्या त्वचेवर त्याच्या खिडकीच्या आकाराचे चौकोनी चट्टे उठतात.

पहिले दोन आठवडे

घरी गेल्यावर पहिल्या दिवशी सुती कापडात गुंडाळलेला गार पॅक दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा, असं तीन-चार वेळा. बर्फ थेट लावू नका. साधी पेट्रोलियम जेली स्वच्छ बोटानं पातळ, दिवसातून तीनदा. खपली कोरडी पडून तडकू नये म्हणून ती लावायची. अँटिबायोटिक मलम नेहमी लागतंच असं नाही.

दाह दाबण्यासाठी स्टिरॉइड मलम हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. थायलंडमध्ये ४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्रॅक्शनल (बारीक ठिपक्यांत मारायच्या) कार्बन डायऑक्साइड लेझरनंतर पहिले दोन दिवस चेहऱ्याच्या एका बाजूला तीव्र स्टिरॉइड आणि दुसऱ्या बाजूला नुसती जेली लावली. स्टिरॉइडच्या बाजूला काळेपणा कमी आला. त्याच विचारानं उन्हाच्या डागांवरही दोन ते पाच दिवसांचा छोटा कोर्स दिला जातो. कोणतं मलम आणि किती दिवस हे चिठ्ठीत लिहून घ्या आणि त्या दिवशी थांबा. महिनाभर गोरेपणासाठी लावायचं स्टिरॉइड आणि हे, दोन्ही एकाच डब्यात टाकू नका.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या (मुळात रक्तस्राव थांबवणाऱ्या) गोळ्या काळेपणा येऊ नये म्हणून सरसकट देण्याला आधार तोकडा आहे. जपानमध्ये २०११ साली क्यू-स्विच्ड रूबी लेझरनंतर चार आठवडे त्या देऊन पाहिल्या, फायदा दिसला नाही. वांगावर त्यांचा उपयोग होतो, पण पायात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार यांचा इतिहास असेल तर त्या नकोतच.

दुसऱ्या दिवसापासून डागावर चहाच्या भुकटीसारखी खरखरीत खपली दिसेल. चेहऱ्यावर ती सात ते दहा दिवसांत आपोआप गळते, हातांवर दोन-तीन आठवडे घेते. ओढून काढली तर खाली कच्ची त्वचा उघडी पडते आणि दुसऱ्यांदा दाह सुरू होतो, म्हणजे काळेपणाला आवतणच. टॉवेलनं पुसायचं नाही, टिपायचं. झोपेत नख लागू नये म्हणून नखं कापून ठेवा.

नाशिकमध्ये दुचाकीवर तोंडाला स्टोल घट्ट बांधायची सवय आहे. उन्हासाठी ती चांगली, पण खपली असताना तो स्टोल गालावर घासतो आणि सुटताना खपली घेऊन जातो. हे आठ-दहा दिवस शक्य तर गाडी चालवू नका. जायचंच असेल तर मऊ सुती कापड सैल आणि वरून पूर्ण काचेचं हेल्मेट. चारचाकीत बाजूच्या काचेतून यूव्हीए किरण आत येतात; पुढची काच बहुतेक अडवते, बाजूची नाही. चुलीजवळ किंवा मोठ्या शेगडीपुढे तासन् तास उभं राहणं, वाफ घेणं, घाम निघेपर्यंत काम, हे पहिला आठवडा टाळा.

लिंबाचा रस, तुरटी, टूथपेस्ट, उगाळलेलं चंदन, मुलतानी माती, बेसन-हळदीचं उटणं, यांतलं काहीही लावायचं नाही. लिंबाच्या सालीतली द्रव्यं उन्हात गेल्यावर स्वतःच त्वचा भाजून काळी करतात. बाकीचं घासलं जातं, आणि घासणं हाच मुख्य गुन्हा. कोरफडीचा ताजा गरही नको, त्यातला पिवळा चीक काहींना चावतो.

दुसऱ्या दिवसानंतर वेदना वाढत गेल्या, पिवळा स्राव आला, मोठा फोड उठला किंवा डागाभोवती लाली पसरली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फोड फोडू नका. जखम चिघळली तर काळेपणा जवळपास नक्की.

तिसरा ते दहावा आठवडा

खपली पडली की खाली गुलाबी, चकचकीत त्वचा दिसते. इथे घरातले सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि सनस्क्रीन ढिलं पडतं. प्रत्यक्षात धोक्याचा काळ आत्ता सुरू होतो.

कातडी पूर्ण बंद झाल्यावर, आग होत नसेल तर लगेच टिंटेड सनस्क्रीन सुरू. घरातून निघण्याआधी पंधरा मिनिटं, बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा. घामानं पुसलं गेलं की पुन्हा. सकाळी दहा ते चार बागेत जाणं टाळता आलं तर उत्तम. नाहीच तर चारही बाजूंनी काठ असलेली टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. नुसता पदर डोक्यावर घेतल्यानं गाल झाकले जात नाहीत.

दोन-तीन आठवड्यांनी नायसिनमाइडचं ४ ते ५ टक्के मलम चालू करता येतं. धोका जास्त असेल किंवा चाचणीच्या डागाला काळेपणा आला असेल तर डॉक्टर ॲझेलेइक ॲसिड किंवा रात्री हायड्रोक्विनोन २ ते ४ टक्के देतात. नव्या त्वचेला ही मलमं चावतात. आग झाली, लाली आली तर बंद करून डॉक्टरांना विचारा. ‘आग होते म्हणजे काम करतंय’ हा गैरसमज इथे महागात पडतो. हायड्रोक्विनोन आठ ते बारा आठवड्यांच्या पुढे सलग नको. वर्षानुवर्षं लावल्यास त्यानंच कायमचा निळा-काळा रंग बसू शकतो.

एवढं करूनही चौथ्या आठवड्यात डागाच्या जागी तपकिरी रंग आला तर? पहिली गोष्ट, पुन्हा लेझर नाही. ‘थोडं राहिलंय, अजून एक शॉट मारू’ असं सुचवलं गेलं तर नम्रपणे नकार द्या. दाहातून आलेल्या रंगावर आणखी दाह देणं हेच मावशींसारख्या अनेकांच्या बाबतीत सहा महिन्यांचा त्रास दीड वर्षाचा करतं. दाहाचा काळेपणा सहसा दोन ते सहा आठवड्यांत येतो, त्याचा आकार लेझरच्या खपलीशी तंतोतंत जुळतो, दुसऱ्या महिन्यात सर्वांत गडद असतो आणि मग हळूहळू उतरतो. मूळ डाग परत येतो तो सहा महिन्यांनी, वर्षानं, बारीक ठिपक्यापासून सुरू होऊन. दर दोन आठवड्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. फरक डोळ्याला कळत नाही, फोटोत कळतो. मलम आणि सनस्क्रीन चालू असताना बहुतेक तपकिरी काळेपणा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्पष्ट फिकट व्हायला लागतो. राखाडी छटा असेल तर जास्त धीर लागेल.

हातांचं काय

चेहरा आणि हात एकाच दिवशी करू नका. हातांच्या पाठीवरची त्वचा सावकाश भरते, तिथे काळेपणा चेहऱ्यापेक्षा जास्त आणि जास्त दिवस येतो, आणि सनस्क्रीन प्रत्येक हात धुण्याबरोबर निघून जातं. खपली पडेपर्यंत मातीत हात, भांडी, धुणं आणि फवारणीची औषधं बंद ठेवता येणार नसतील तर हातांचं लेझर सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. करायचंच ठरलं तर डागांवर कागदी चिकटपट्टी लावता येते. ती खपलीला घासण्यापासून वाचवते आणि उजेडही काही प्रमाणात अडवते. पावसाळी दमट हवेत ती सुटते, म्हणून एक-दोन दिवसांनी बदलायची; काढताना आधी पाण्यानं भिजवून, मगच सावकाश, नाहीतर खपली पट्टीबरोबर निघते. त्यावरून सैल सुती हातमोजे. रबरी हातमोज्यांत घाम साचतो, ते फक्त पाण्याच्या कामापुरते, आत सुती घालून.

आईंचा चेहरा जुलैत होऊन सप्टेंबरअखेर रंग स्थिर राहिला, तर हातांचा एक चाचणीचा डाग पुढच्या जुलैत घ्या आणि बाकीचे तो पूर्ण शांत झाल्यावर. चेहऱ्यावर एखादा डाग अर्धवट राहिला असेल तर दुसऱ्या बैठकीआधी किमान तीन महिने जाऊ द्या, आणि पहिल्या वेळी काळेपणा आला असेल तर तो पूर्ण उतरेपर्यंत. दुसऱ्यांदा ऊर्जा वाढवायची की तीच ठेवायची, हे पहिल्या वेळच्या कागदावरचे आकडे आणि तुम्ही काढलेले फोटो समोर ठेवून ठरतं. म्हणून तो कागद फाइलमध्ये नीट जपून ठेवा.